पालथी पणती

ज्याच्या स्मरणावाचून पाटीवर पहिले अक्षर उमटत नाही त्या गजाननाला, आणि उमटलेल्या अक्षरात अर्थरूपाने जी वसते त्या वाग्देवतेला नमस्कार करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की आज, आषाढातील या ढगाळ सकाळी, माझ्या संस्कारविधीच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने घरी आली. प्रथेप्रमाणे पहिली प्रत देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले. मात्र या आवृत्तीत मागच्या दोन्ही आवृत्त्यांतली एक गोष्ट नाही. ती का नाही, हे लिहून ठेवल्यावाचून पुस्तक कोणाच्या हाती देण्यास मन धजत नाही.

पुस्तकाचे दोन खंड आहेत. पहिला मंगलखंड: बारसे, वास्तुशांत, सत्यनारायण आणि असेच इतर विधी. दुसरा उत्तरखंड: मनुष्य गेल्यानंतरच्या दहाव्या-बाराव्यापासून श्राद्धतर्पणापर्यंतचे सारे. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांतून माणसे सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात. तिकडे कोपीवर, उसाच्या फडाशेजारच्या खोपटात, एखाद्याचे बरेवाईट झाले तर पुरोहित कोठून मिळणार? अशांना स्वतः वाचून विधी करता यावा, यासाठी तीस-एक वर्षांपूर्वी मी ते रचले.

त्या काळी छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. केडगावच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवणारे, माझ्याच वयाचे एक जुळारी होते. चौथीपर्यंत शिकलेले, परंतु अक्षराची अशी जाण मी पुढे पंडितांतही क्वचित पाहिली. त्यांच्यापुढे मी माझी अडचण ठेवली. उत्तरखंडात दोन नावे वारंवार घ्यावी लागतात. एक विधी करणाऱ्याचे, म्हणजे जिवंत माणसाचे, आणि दुसरे गेलेल्याचे. संस्कृत वाक्यात गेलेल्याच्या नावापुढे एक विशिष्ट शब्द येतो, तो टळत नाही. परंतु मराठी सूचनेत ‘येथे मृताचे नाव घ्यावे’ असे उघड छापण्यास माझे मन कचरत होते. पुस्तक चालत्या-बोलत्या घरात राहणार. त्यात पानोपानी तो शब्द कशाला?

जुळाऱ्यांनी नक्षीच्या खिळ्यांचा खण ओढला, आणि एक कमळ व एक पणती असे दोन ठसे तळहातावर घेतले. मग पणती त्यांनी उलटी केली.

“गुरुजी, कमळ म्हणजे जित्याचं नाव. पालथी पणती म्हणजे गेलेल्याचं. शब्द नको, काही नको. माणसाला बरोबर कळतं.”

मला ती योजना फार सुंदर वाटली. कमळाचा खुलासा पहिल्याच पानावर दिला. पालथ्या पणतीचा खुलासा मात्र प्रारंभी नको म्हणून पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर ढकलला. तेही माझ्याच सांगण्यावरून.

उत्तरखंड घरात मोठ्याने वाचायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. मुद्रिते तपासण्याची पद्धत तर अशी की एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकावे. तेव्हा मी आणि जुळारी दोघे सीना नदीच्या काठी गेलो, घाटाच्या पायरीवर बसून तो खंड वाचला आणि स्नान करून घरी परतलो. एकही चूक राहिली नाही.

पुढे खिळे गेले. जुळारी उतारवयात संगणक शिकले. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी कमळ आणि पालथी पणती स्वतः कागदावर रेखून त्या वेळच्या फॉन्टमध्ये दोन कळांवर बसवून घेतली. तो फॉन्ट त्यांच्या यंत्राखेरीज कोठेही चालत नसे, याचा त्यांना अभिमान होता.

आता तिसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा ते यंत्र अडगळीत गेले होते आणि जुळारी अंथरुणाला खिळले होते. अर्धांगाने उजवे अंग गेले, वाचा गेली. काम पाहत होती त्यांची सून, सासऱ्यापाशीच शिकलेली, हाताची चपळ, स्वभावाची सरळ. मी तिला सूनबाईच म्हणतो. तिने मला समजावले, “गुरुजी, जुना फॉन्ट आता कोणी घेत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये न्यावा लागेल. अक्षरं बदलून येतील, जोडाक्षरं मी हातानं नीट करीन. फक्त नक्षीची चिन्हं येत नाहीत. त्यांच्या जागी नुसते डबे दिसतात.”

तिने पडद्यावर दाखवले. जेथे कमळ होते तेथे एक रिकामा चौकोन. मजकुराच्या मधोमध जणू कोणी खिडकी उघडी टाकून निघून गेले होते. मला ते पाहवले नाही.

मंगलखंड आम्ही यथासांग तपासला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून पत्नी मोठ्याने वाचीत असे आणि मी ऐकत असे. आठ दिवस लागले. त्या खंडात फक्त कमळेच होती. सूनबाईने डब्यांच्या जागी नवे, रेखीव कमळ घातले होते. पत्नी म्हणाली, “अहो, जुन्यापेक्षा हे छान आहे. पाकळ्या मोजता येतात.”

उत्तरखंड आला तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला. “हे मी घरात वाचणार नाही. नदीवर चला म्हणाल तर गुडघे साथ देत नाहीत.” तिचे म्हणणे योग्यच होते. श्रावण संपत आला होता, शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, नदीला पाणी होते. मी स्वतःशी म्हटले, हा मजकूर जुनाच आहे, पूर्वी दोनदा वाचलेला आहे.

त्याच आठवड्यात मी केडगावला जुळाऱ्यांना पाहून आलो. छपाईचे यंत्र त्यांच्या खाटेच्या उशाशी होते आणि नुकत्याच निघालेल्या पानांचा ढीग शेजारच्या स्टुलावर पडला होता. खोलीत त्यांचे मेहुणे बसले होते. घोडेगावचे शेतकरी, बोलके गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी जुळाऱ्यांचा डावा हात हाती घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला, उशाचा पाण्याचा पेला उचलला आणि त्या पानांवर पालथा घातला. पाणी सांडले. सूनबाई धावत आली.

“अण्णा, अहो तहान लागली तर खूण करा ना! पेला पालथा काय घालता? अख्खी पानं भिजली.”

“पानी न्हाई मागत त्यो,” मामा हसून म्हणाले. “च्या मागतोय. सासरवाडीचा मानूस दिसला की च्याची आठवन हुती दाजींना.”

आम्ही हसलो. चहा आला. जुळाऱ्यांनी तो घेतला नाही. ते आपला डावा तळहात उघडीत आणि उलटा करून चादरीवर ठेवीत. पुन्हा उघडीत, पुन्हा उलटा करीत. त्यांची दृष्टी माझ्यावरून हलत नव्हती. आजाऱ्याच्या हाताचा चाळा, असे मी समजलो.

निघताना सूनबाईने उत्तरखंडाचा शेवटचा कागद पुढे केला. “वाचलंत ना, गुरुजी?”

“पूर्वीचेच आहे,” मी म्हणालो, आणि ‘छपाईस योग्य’ असे लिहून खाली सही केली. असत्य बोललो नाही. परंतु आयुष्यभर ज्याने अक्षराची उपजीविका केली त्याने न वाचता सही केली, एवढे मात्र खरे.

तिने दोन नमुना प्रती बांधल्या. एक मला दिली, एक स्वतःकडे ठेवली. पितृपंधरवड्यात नवे काम सुरू करीत नाहीत, म्हणून बाकीची छपाई घटस्थापनेनंतर करण्याचे ठरले. तो विलंब झाला ही ईश्वराची कृपा, असे मी आजही म्हणतो.

भाद्रपद वद्य षष्ठीला जुळारी गेले. माझ्या डोळ्यावर पट्टी होती, डॉक्टरांनी धूर व धूळ वर्ज्य सांगितली होती. अंत्यदर्शनालाही जाता आले नाही. दहावा दिवस नेमका सर्वपित्री अमावास्येला येत होता आणि त्या दिवशी जिल्ह्यात एकही पुरोहित मोकळा सापडणे शक्य नव्हते. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो एकुलता एक, पुणे रस्त्यावर मालाचा टेम्पो चालवतो.

“गुरुजी, सात जणांना विचारलं. कोणी येत नाही. मामा म्हणतात, तुमच्या पुस्तकावरून आपणच करू.”

“अवश्य करा,” मी म्हणालो. “पुस्तक त्याचसाठी आहे. सावकाश वाचा. चिन्ह आले की थांबून नाव घ्यावे, मग पुढे जावे.”

हे सांगताना मला समाधान वाटले होते. ज्याने चिन्हे घडवली त्याच्याच विधीला ती उपयोगी पडत होती.

अमावास्येच्या सकाळी पट्टी निघालेल्या डोळ्याने मी प्रथमच स्पष्ट पाहिले. स्नान करून पितरांच्या तर्पणासाठी पाटावर बसलो. वर्षातून याच दिवशी उत्तरखंड घरात उघडण्यास आडकाठी नसते. नवी प्रत हाती घेतली, तर्पणाचे पान काढले. कमळ. पुढची ओळ, जेथे माझ्या वडिलांचे नाव यावयाचे, तेथेही कमळ. मी पान उलटले. दशाहविधीत पिंडाच्या सर्व स्थानी कमळ. मी अंगठ्याने पाने सोडीत गेलो. सबंध उत्तरखंडात एकही पालथी पणती नव्हती. नव्या डोळ्याला प्रत्येक पाकळी स्वच्छ दिसत होती. शेवटच्या पानावर, जेथे पणतीचा खुलासा होता, तेथेही वाक्यापूर्वी एक टवटवीत कमळ उमलले होते.

हातातले तीळ ताम्हनात सांडले. सकाळचे साडेनऊ झाले होते. घाटावर विधी आठला सुरू झाला असणार.

फोन लावला, कोणी उचलला नाही. रिक्षा केली. वाटेत धूळ होती, डोळ्यावर धोतराचा सोगा धरून बसलो होतो. पहिल्या पानावर लिहिले होते, कमळ दिसेल तेथे स्वतःचे नाव घ्यावे. मुलगा आज्ञाधारक होता. तो पिंड हाती घेऊन स्वतःचे गोत्र, स्वतःचे नाव आणि त्यापुढे तो संस्कृत शब्द उच्चारणार होता. तो शब्द कोणाला लागतो, हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. मी त्या वाटेभर मृत्युंजयाचा जप केला, परंतु चित्त मंत्रात नव्हते.

घाटावर पोहोचलो तो माणसे पांगू लागली होती. मामांनी दुरूनच हात वर केला.

“या गुरुजी, या! लई उशीर केला! कावळा कवाच शिवला. पान खाली टेकतंय न टेकतंय तोच आला की झडप घालून. दाजींचं काई काई राह्यलं नव्हतं बगा!”

लोक समाधानाने माना हालवीत होते. कावळा लवकर शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही, असे मानतात. पायरीवरचे केळीचे पान फाटलेले होते, भाताची दोन शिते उरली होती. मुलगा नुकते डोके भादरून ओल्या पंचाने उभा होता. मी त्याला बाजूस घेतले.

“पिंड देताना नाव कोणाचे घेतलेस?”

“माझं. कमळ आलं की माझं. मामांनी पहिल्या पानावरनं वाचून दाखवलं होतं.”

“प्रत्येक ठिकाणी?”

“प्रत्येक ठिकाणी. दुसरं चिन्ह नव्हतंच, गुरुजी. अण्णांचं नाव कुठंच आलं नाही, म्हणून मला जरा वाटलं होतं. पण मामा म्हणाले, शास्त्रात असंल तसं.”

मी त्या फाटलेल्या पानाकडे पाहत राहिलो. कावळा पान टेकताच आला होता. पितराचा नव्हे, समोर श्वास घेत उभ्या असलेल्या मुलाचा पिंड त्याने उचलला होता, आणि किती तत्परतेने.

“आणखी एक पिंड ठेवावयाचा आहे,” मी म्हणालो.

“आता आनि कशाला?” मामा पुढे आले. “एकदा शिवल्याला कावळा परत बोलवायचा? मानसं हासतील, गुरुजी.”

“पुस्तकात चूक झाली आहे. चूक माझी आहे.”

मामा बाजूला सरले. मी स्वतः सांगून विधी करविला, पिंड जुळाऱ्यांच्या नावाने ठेवला. पलीकडच्या बाभळीवर नऊ-दहा कावळे बसले होते. एकही हलला नाही. रीतीप्रमाणे नातेवाईक गेलेल्याला वचने देऊ लागले. मुलगा म्हणाला, “अण्णा, तुमचं काम बंद पडू देणार नाही.” मामा म्हणाले, “दाजी, सुनंला आमी अंतर देनार न्हाई. तमाखू पायजे का? ही बगा ठिवली पुडी.” थोड्या वेळाने चिडून, “आवं, मगाशी तर पळत आला हुता!” असेही म्हणाले. कोणी हसले नाही. ऊन चढले. पिंड कोरडा पडत चालला. शेवटी मी दर्भाचा कावळा केला आणि त्याचा स्पर्श करवून विधी आटोपला. निघताना मागे वळून पाहिले. कावळे तसेच बसून होते.

तेराव्याला मी केडगावला गेलो. सूनबाई यंत्रापुढे बसलेली होती, पडदा बंद होता. मामांकडून तिला अर्धे कळले होते, उरलेले मी सांगितले.

“मी ती पानं वाचलीच नाहीत, गुरुजी. पलीकडं अण्णा आजारी, आणि मी इकडं ती पानं उघडून बसायचं? पडद्यावरसुद्धा नको वाटायची. सगळे डबे एकदम निवडले, सगळ्यांत कमळ टाकलं, फाईल बंद केली. दोन तऱ्हेचे डबे असतील हे डोक्यातच आलं नाही. डबे सारखेच दिसत होते. आणि तुमची सही होती.”

“मला वाटले, तू पाहिले असशील.”

आम्ही दोघे एकाच भीतीने त्या पानांपासून दूर राहिलो होतो. ज्याने जवळ जाऊन पाहिले तो बोलू शकत नव्हता. त्याने पेला पालथा घातला, तळहात पालथा घातला, आणि आम्ही त्याला चहा दिला.

“यांना काही होईल का?” तिने विचारले.

शास्त्रात प्रायश्चित्त आहे. त्याप्रमाणे शांती केली, जप केला, आजही करतो. ते सांगून मी थांबावयास हवे होते. परंतु मी म्हणालो, “एवढे वर्ष निर्विघ्न जाऊ दे.” शब्द उच्चारताच मी जीभ चावली. त्या दिवसापासून ती वर्ष मोजते आहे. पती टेम्पो घेऊन निघाला की कोठे पोहोचला ते विचारते, परतेपर्यंत उंबऱ्यात उभी राहते. शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल वाहते. त्यालाही मी सर्व सांगितले होते, लपवणे योग्य नव्हे. तो मोठ्याने हसला. “गुरुजी, यमाकडंसुद्धा आता नवा फॉन्ट आला असंल. माझ्या नावाच्या जागी डबाच दिसला असंल त्याला!” त्याच्या हसण्यात मला सहभागी होता आले नाही. पौषात सुप्याच्या उतारावर त्याच्या टेम्पोचा ब्रेक निकामी झाला. बांधाला धडकून गाडी थांबली, खरचटण्यावर निभावले. त्यानंतर तो तो विनोद करीत नाही.

आवृत्ती पुन्हा उघडली. सूनबाईने अडगळीतले जुने यंत्र सुरू केले, त्यावर जुन्या फॉन्टमध्ये पालथी पणती जशीच्या तशी दिसली. ती नव्या फॉन्टमध्ये उतरवून घेता येईल, असे ती म्हणाली. अण्णांच्या हातची आहे, राहू द्या, अशी विनवणीही केली. मी नको म्हटले. आज जी नक्षी दिसते ती उद्या कोणत्या यंत्रावर काय होईल, हे कोण सांगणार? उत्तरखंडातली सारी चिन्हे काढली. कर्त्याच्या जागी ‘येथे विधी करणाऱ्याने स्वतःचे नाव घ्यावे’, आणि दुसऱ्या जागी, तीस वर्षे टाळलेले ते वाक्य, ‘येथे मृताचे नाव घ्यावे’. मुखपृष्ठावर आमच्या शहराचे सरकारने बदललेले नवे नाव घातले. मग फाल्गुनात, पाण्याची ओढ कमी असलेल्या दिवसांत, आम्ही दोघे सीनेच्या काठी त्याच पायरीवर बसलो. तिने उत्तरखंड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. तो शब्द प्रथम आला तेव्हा तिचा आवाज अडला. पुढे अडला नाही. मी जुन्या प्रतीवर बोट ठेवून ऐकत होतो. पलीकडच्या बाभळीकडे मी पाहिले नाही.

आज गठ्ठे घेऊन तो मुलगाच आला होता. टेम्पो दाराशी लावला, गठ्ठे स्वतः आत आणले, पत्नीने दिलेला चहा उभ्यानेच घेतला. “पाऊस यायच्या आत पोचतो, गुरुजी,” म्हणाला. डोक्यावर पुन्हा दाट केस आले आहेत. तो गेला आणि दोन मिनिटांत फोन वाजला.

“निघाले का?”

“आत्ताच निघाला.”

“मग अर्ध्या तासात यायला पाहिजेत.”

हे लिहावयास मी तेव्हाच बसलो. मधे आभाळ भरून आले, दिवा लावावा लागला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पत्नी दोनदा दारापर्यंत जाऊन आली. लेखणी थांबेल या भयाने मी लिहीत राहिलो. आत्ता पुन्हा फोन वाजला. पत्नीने घेतला आणि मजकडे पाहून मान हालवली. पोहोचला. रेल्वेच्या फाटकापाशी गाड्या अडकल्या होत्या.

आजची खेप निभावली. वर्षश्राद्धाला दोन महिने आहेत, तेव्हा पिंड मी स्वतः ठेवीन आणि नाव मी स्वतः सांगेन.

हे पुस्तक ज्यांच्या घरी जाईल त्यांना एवढीच विनंती, की उत्तरखंड प्रसंग येण्यापूर्वी एकदा घराबाहेर बसून नीट वाचून ठेवावा, भिऊन झाकून ठेवू नये. आणि वाचकहो, तुमचे व तुमच्या घरातील लहानथोरांचे नाव शंभर वर्षे जित्यांच्याच जागी उच्चारले जावो. कामाला बाहेर पडलेले प्रत्येक पाऊल दिवेलागणीला उंबऱ्याच्या आत येवो, आणि त्या उंबऱ्यातली पणती सदैव उताणी, तेलाने भरलेली, तेवत राहो. शुभं भवतु.